उरलेल्या स्पिरिटचा व्यापार

महाराष्ट्रातून बोटीनं बाहेर गेलेल्या, उसाच्या मळीपासून केलेल्या अल्कोहोलचे आकडे कुणी सलग मांडले, तर त्याला चढता आलेख म्हणता येणार नाही आणि उतरताही नाही. दोन-तीन वर्षं टँकरांची रांग लागते, मग एकदम सगळं थंड पडतं. पुन्हा काही वर्षांनी रांग. माझी नोकरी याच मालाच्या कागदपत्रांत गेली. शिपिंग बिलं, एक्साइजचे पास, नमुन्यांचे रिपोर्ट. एवढ्या अनुभवावर मी एक गोष्ट छातीठोक सांगतो, की या चढउताराचं कारण परदेशी गिऱ्हाइकात शोधण्यात अर्थ नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या गिऱ्हाइकाला माल हवाच असतो, आज नाही आपण दिला तर तो दुसरीकडून घेतो. बदलत राहतो तो आपला पाऊस आणि दिल्लीचा हुकूम. घरात कुणाला नको असतं तेव्हाच आपलं स्पिरिट समुद्र ओलांडतं.

उरण तालुक्यातलं न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झालं. तिथल्या टाक्यांमधून हा माल ये-जा करतो. पण उरण तालुक्याला अल्कोहोल नवं नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईची तहान भागवणाऱ्या मोहाच्या दारूच्या भट्ट्या उरणलाच होत्या, बहुतेक पारशी मालकांच्या. मोहाची फुलं गुजरातेतल्या पंचमहालाकडून यायची. कुलाबा-ठाण्यातल्या लोकांनी घरी दारू पाडू नये, सरकारचा कर बुडू नये, म्हणून इंग्रजांनी १८९२ साली चक्क मोहाच्या फुलांवर कायदा केला. फुलं बाळगायचीसुद्धा चोरी. या मालाबाबत सरकारचा जो हात तेव्हा पडला, तो नंतर कधी उठलाच नाही. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला, आणि आजही डिस्टिलरीच्या गोदामाला एक कुलूप कारखान्याचं आणि एक उत्पादन शुल्क खात्याचं, अशी व्यवस्था जुन्या लोकांना तोंडपाठ आहे. कारखान्याच्या मालकीचा माल, पण इन्स्पेक्टर आल्याशिवाय मालकाला दार उघडता येत नाही.

माझं गाव नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातलं. प्रवरानगरला सहकारी कारखान्याचं पहिलं गाळप १९५०च्या अखेरीस सुरू झालं आणि मग आमच्या भागात साखर कारखान्यांचं पेवच फुटलं. साखर निघाली की मागे मळी उरते, उसाच्या वजनाच्या साधारण चार टक्के. काळी, दाट, बोटाला लागली तर दोनदा धुतल्याशिवाय न जाणारी. १९६१ साली केंद्रानं मळीवर नियंत्रण आणलं. भाव सरकार ठरवणार, कुणाला किती द्यायची तेही सरकार ठरवणार. भाव असा की मळी सांभाळण्याचा खर्चच जास्त. पोलादी टाक्या बांधायला कुणाची तयारी नसायची, म्हणून कारखान्याच्या मागे कच्चे खड्डे खणून त्यात मळी सोडलेली मी लहानपणी पाहिली आहे. पावसाळ्यात त्या खड्ड्यांवर फेस यायचा. साखरेचा अर्क जमिनीत मुरतोय आणि कुणाला त्याचं सोयरसुतक नाही, असा तो काळ.

तेव्हा निर्यातीचा विचार नव्हता असं नाही, पण देशातच या अल्कोहोलवर रसायनांचा मोठा डोलारा उभा राहिला होता. परकीय चलन नाही, तेल आयात करायला पैसा नाही, तर मळीपासून अल्कोहोल आणि अल्कोहोलपासून पुढचं सगळं. बरेलीला तर त्यातून कृत्रिम रबर बनायचं. ॲसेटिक ॲसिड, ॲसेटिक ॲनहायड्राइड, सॉल्व्हंट, औषधांचा कच्चा माल. नीरा, महाड, साकरवाडी ही नावं साखरपट्ट्याबाहेर फार कुणाला माहीत नसतील, पण अल्कोहोलवर चालणारी रसायनं महाराष्ट्रात जिथे बनतात ती ही गावं. नियंत्रणाचा भाव या कारखानदारांच्या सोयीचा होता आणि ऊसवाल्याच्या मुळावर. हे उघड बोललं जायचं नाही, पण आमच्याकडे प्रत्येक सर्वसाधारण सभेत कुणीतरी उठून विचारायचंच.

१९९३च्या जूनमध्ये नियंत्रण उठलं. तिथून खरा व्यापार सुरू झाला.

त्या दिवसांत मला पहिल्यांदा डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत जायला मिळालं. परदेशी जाणारा माल दोन प्रकारचा. एक साधं रेक्टिफाइड स्पिरिट, ज्याला मळीचा किंचित वास राहतो, आणि दुसरं ई.एन.ए. (एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल), म्हणजे पुन्हा पुन्हा गाळून वास-चव काढून टाकलेलं, ९६ टक्क्यांचं. गिऱ्हाइकाचं भांडण नेहमी या दुसऱ्यावरून. तिथले केमिस्ट एक परीक्षा घ्यायचे. काचेच्या नळीत नमुना घ्यायचा, बर्फाच्या पाण्यात ठेवून १५ अंशांवर आणायचा, पोटॅशियम परमँगनेटचे थेंब टाकायचे आणि घड्याळ लावून बसायचं. सुरुवातीला सुरेख जांभळट गुलाबी रंग येतो. अल्कोहोलमध्ये अल्डिहाइडसारखी भेसळ असेल तर तो भराभर फिका पडत पिवळसर केशरी होतो. चांगला माल अर्धा तास तग धरतो. ढिसाळ गाळलेला माल चहा संपायच्या आत रंग सोडतो. नमुना पास झाला तरी तिथले जुने फोरमन त्यात पाणी घालून थोडं तळहातावर चोळायचे आणि हुंगायचे. मशीनच्या रिपोर्टवर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही, पण नाकाचा निकाल शेवटचा. एकदा रिपोर्ट निर्मळ असताना त्यांनी मान हलवली आणि अख्खी टाकी पुन्हा कॉलमवर, म्हणजे गाळण्याच्या उंच मनोऱ्यावर, चढवली. चेअरमनचा फोन आला तरी ऐकलं नाही.

माल जातो टँक कंटेनरमधून. लोखंडी चौकटीत आडवी बसवलेली स्टीलची टाकी, साधारण २४ हजार लिटरची. पूर्ण भरायची नाही, उन्हानं द्रव फुगतो म्हणून वर जागा सोडायची. बाजूला लाल चौकोनात ज्वाळेचं चित्र आणि ११७० हा आकडा. जगातल्या कुठल्याही बंदरावरच्या माणसाला ११७० म्हटलं की इथेनॉल, म्हणजे हेच अल्कोहोल, हे कळतं. आत घाटावरच्या उसाचा उतारा आहे, हे कळण्याचा काही मार्ग नाही.

या कागदांत एक मोठी पळवाट आहे आणि ती निर्यातीचा कुठलाही तक्ता वाचताना ध्यानात ठेवावी लागते. सीमाशुल्काच्या वर्गवारीत ८० टक्क्यांवरचं अल्कोहोल २२०७ या एकाच खात्यात बसतं. विकृत न केलेलं एका ओळीत, विकृत केलेलं दुसऱ्या ओळीत. विकृत म्हणजे पिण्याजोगं राहू नये म्हणून त्यात कडू किंवा घाण वासाचं काही मिसळलेलं. पहिल्या ओळीतलं अल्कोहोल इस्पितळात जातं, अत्तरात जातं की बाटलीत, हे तक्ता सांगत नाही. पश्चिम आफ्रिकेत गेलेल्या आपल्या मालाचा बराच भाग शेवटी दारूच होतो, हे या धंद्यातलं उघड गुपित. आफ्रिकेत प्लॅस्टिकच्या छोट्या पुड्यांमधून कडक दारू विकतात. पोरंसोरं शाळेच्या वाटेवर घेतात म्हणून युगांडानं २०१९मध्ये त्या पुड्या बंद केल्या, नायजेरियानंही २०२४मध्ये बंदीचा बडगा उगारला. आमच्या जिल्ह्यात ग्रामसभा घेऊन, बायका मतदानाला उतरून, बाटली आडवी करायच्या. त्याच तालुक्याचं स्पिरिट दुसऱ्या खंडात पुड्यांत भरलं जात होतं आणि आम्ही त्यावर 'औद्योगिक वापरासाठी' असा शिक्का निर्धास्तपणे मारत होतो. खरेदीदारानं तसं लिहून दिलेलं असायचं, कागद चोख होते. तरीही तो शिक्का मला कधी आवडला नाही.

आता पावसाकडे येतो. २००१ साली मिरज आणि मनमाडच्या डेपोंतून पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग झाला, उत्तर प्रदेशात बरेलीकडे तिसरा. प्रयोग नीट झाला आणि जानेवारी २००३पासून महाराष्ट्रासह ९ राज्यांत ५ टक्के मिश्रणाचा हुकूम निघाला. साखरवाल्यांना वाटलं, दिवस पालटले. नेमका तेव्हाच निसर्ग आडवा आला. २००२च्या पावसाळ्यात सांगलीकडे उसावर लोकरी मावा दिसला. पानाखाली पांढऱ्या लोकरीसारखा थर, त्यातून खालच्या पानांवर चिकटा गळायचा आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी धरायची. उसात शिरून आलेल्या माणसाचे कपडे काजळी फासल्यासारखे व्हायचे. त्याच्या जोडीला लागोपाठ दुष्काळ. २००२-०३ला राज्यात ६० लाख टनांवर साखर झाली होती, ती २००३-०४ला ३२ लाखांवर आली आणि पुढच्या वर्षी २२ लाखांवर. साखर नाही तर मळी नाही, मळी नाही तर स्पिरिट नाही. पेट्रोलमधलं मिश्रण बासनात गेलं आणि रसायन कंपन्यांनी चक्क ब्राझीलहून अल्कोहोल मागवलं. काही काळ भारत हा ब्राझीलच्या अल्कोहोलचा मोठा गिऱ्हाईक होता.

आमच्या ऑफिसात त्या वर्षी निर्यातीची फाइल जवळजवळ बंद होती. तीच माणसं, तीच टेबलं, पण कागद उलट्या बाजूनं भरायचे. जिथे 'पाठवणारा' लिहायचो तिथे साओ पावलोचा पत्ता. आफ्रिकेतले जुने खरेदीदार फोन करायचे, माल कधी देता. आम्ही म्हणायचो, पाऊस बघून सांगतो. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज यायचा नाही, मग ते पाकिस्तानकडे वळायचे. तिथेही मळीच, तिथेही डिस्टिलऱ्या, आणि त्यांचं सरकार पेट्रोलमध्ये काही मिसळत नव्हतं. आपण ज्या ज्या वेळी बाजार सोडला, त्या त्या वेळी तो कराचीच्या वाटेनं गेला.

मावा मित्रकीटकांनी आवरला, पाऊस परतला, आणि २००६-०७ला महाराष्ट्रानं ९० लाख टन साखर काढली. ऊस शेतात उभाच्या उभा राहिला, तोडायला टोळ्या मिळेनात. मळी इतकी की ठेवायची कुठे हा प्रश्न. त्या एक-दोन हंगामांत निर्यात पुन्हा उसळली. स्पिरिट तर गेलंच, नुसती मळीही जहाजं भरभरून गेली. युरोप आणि कोरियातल्या जनावरांच्या खाद्यासाठी मळी लागते. बंदर जवळ म्हणून या व्यापारात महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटक पुढे.

त्या सुमाराची एक वार्षिक सभा मला चांगली आठवते. अहवालात डिस्टिलरीच्या पानावर 'विक्रमी निर्यात' असं ठळक छापलं होतं. मागच्या रांगेतून धोतर-टोपीतले एक सभासद उठले.

"चेअरमनसाहेब, स्पिरिट बोटीनं गेलं म्हणता. मग आमच्या टनाला त्यातलं किती पडलं?"

"अण्णा, उपपदार्थाचा हिशोब वेगळा असतोय."

"वेगळा असतोय ते ठाऊक हाय. किती, ते विचारतोय."

मांडवात हशा पिकला आणि विषय मंजूर-मंजूरच्या गजरात वाहून गेला. पण अण्णांचा प्रश्न अडाणी नव्हता. पुढे २०१२ साली रंगराजन समितीनं सूत्र दिलं, की साखर आणि तिच्यासोबत थेट निघणारे बगॅस (चिपाड), मळी, प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) हे उपपदार्थ यांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा ऊसवाल्याचा. या यादीत मळी आहे, मळीपासून बनलेलं अल्कोहोल नाही. कारखाना स्वतःची मळी स्वतःच्या डिस्टिलरीला कुठल्या भावानं देतो, त्यावर सगळं अवलंबून. भाव कमी लावला की शेतकऱ्याच्या खात्यात कमी दिसतं आणि डिस्टिलरीच्या खात्यात जास्त. निर्यातीचा फायदा ज्या वर्षी झाला त्या वर्षी तो या दोन खात्यांच्या मधल्या बोळात राहिला. म्हणून सभासदांना परदेशी व्यापाराचं कौतुक कधी वाटलं नाही, आणि मला त्यात काही गैर दिसत नाही.

गावात मागे काय राहिलं हेही सांगायला हवं. एक लिटर स्पिरिटमागे ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश, म्हणजे गाळून उरलेलं सांडपाणी, निघतो. गरम, आंबट, गडद तांबडा. आमच्याकडे डिस्टिलरीच्या खालच्या अंगाला विहिरींचं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. पोहरा टाकला की आधी वास वर यायचा. ढोरं तोंड लावायची नाहीत. तक्रारी झाल्या, पंचनामे झाले, टँकरनं पाणी आलं. २००३नंतर नियम कडक झाले, आधी त्यातून गॅस काढायचा, मग कंपोस्ट, आणि अलीकडे तर तो आटवून थेट बॉयलरमध्ये जाळतात. त्या राखेतून पोटॅश मिळतं, तेही विकलं जातं. तंत्र सुधारलं हे खरंच आहे. पण नव्वदच्या दशकात आपण परदेशी बाजारात स्वस्त होतो, त्यात या विहिरींचा हिस्सा मोठा होता. स्पेंट वॉशची व्यवस्था करण्याचा खर्च किमतीत धरलेलाच नव्हता. माल घेणाऱ्या देशाला शुद्ध ९६ टक्के मिळालं, बाकीचं पंधरापट आम्ही ठेवून घेतलं.

पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटनं या तंत्रात शिकवून तयार केलेली मुलं आज ब्राझीलपासून केनियापर्यंत डिस्टिलऱ्यांत भेटतात. पुण्यातच प्राज इंडस्ट्रीज आहे, जी अख्ख्या डिस्टिलऱ्या बांधून परदेशी पाठवते. मला विचाराल तर या प्रांताची भरवशाची निर्यात ही आहे. स्पिरिटचा टँकर एखाद्या वर्षी जातो, एखाद्या वर्षी जात नाही. कॉलम, कंडेन्सर आणि ते चालवणारी माणसं मात्र दरवर्षी जातात. अल्कोहोलच्या तक्त्यात हे कुठेच दिसत नाही, कारण ते यंत्रसामग्रीच्या खात्यात मोजलं जातं. तसंच इथिल ॲसिटेटचं. शाई, पॅकेजिंग, औषधं यांत लागणारं हे सॉल्व्हंट महाडसारख्या ठिकाणी अल्कोहोलपासून बनतं आणि युरोपात जातं. अल्कोहोलच गेलं, पण नाव बदलून, आणि चार पैसे जास्त घेऊन.

२०१८पासून चित्र साफ पालटलं. साखर कमी काढून राहिलेल्या दाट मळीपासून, म्हणजे बी-हेवीपासून केलेल्या इथेनॉलला सरकारनं वेगळा, चढा भाव दिला. लिटरला ५२ रुपये ४३ पैसे. तेल कंपन्यांकडून पैसे २१ दिवसांत खात्यावर. परदेशी गिऱ्हाइकाच्या एलसीची, म्हणजे बँकेच्या हमीपत्राची, वाट बघत कोण बसणार? २०१३-१४ला देशात जेमतेम ३८ कोटी लिटर इथेनॉल पेट्रोलमध्ये गेलं होतं, मिश्रण दीड टक्का. २०२३-२४ला ७०० कोटी लिटरच्या वर, १४.६ टक्के. निर्यातीचे करार एकेक करून गळाले. रसायन कंपन्यांना देशातलं अल्कोहोल परवडेना, म्हणून त्या अमेरिकेच्या मक्याचं विकृत अल्कोहोल आणू लागल्या. ऊस इथला, गाडी इथली, पण कारखान्यातलं सॉल्व्हंट आयोवाच्या मक्याचं, अशी गंमत झाली. मधे २०२०च्या मार्चअखेरीपासून सॅनिटायझरच्या निर्यातीवर दोन महिने बंदी होती, तेव्हा ज्यांनी आयुष्यात कधी स्पिरिटचा वास घेतला नव्हता असेही लोक मला फोन करून दर विचारत होते. तो फार्स वेगळाच, सोडा.

२०२३ला पाऊस हुलकावणी देऊन गेला आणि ७ डिसेंबरला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी आली. गाळप ऐन भरात होतं. आठवड्याभरात ती थोडी सैल केली, पण ज्यांनी कर्ज काढून नव्या टाक्या बसवल्या होत्या त्यांचे चेहरे त्या आठवड्यात बघवत नव्हते. जानेवारी २०२४मध्ये मळीच्या निर्यातीवर ५० टक्के शुल्क बसलं, म्हणजे तेव्हा तोही दरवाजा बंद झाला. त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठानं, आठ विरुद्ध एक अशा बहुमतानं, १९८९चा आपलाच निकाल फिरवला आणि औद्योगिक अल्कोहोलवर राज्यांचाही अधिकार आहे असं सांगितलं. म्हणजे आता हुकूम दिल्लीहून येईल तसा मुंबईहूनही.

आणि आता पुन्हा महापूर. डिस्टिलऱ्यांची क्षमता बेसुमार वाढली आहे, मका आणि तांदूळ गाळणाऱ्यांनी बाजी मारली आहे. २०२५-२६साठी देशभरातून १,७५० कोटी लिटरहून अधिक इथेनॉल देऊ केलं गेलं, तेल कंपन्यांनी वाटप केलं साधारण १,०५० कोटींचं, आणि त्यात उसाचा वाटा तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. कारखान्यांच्या टाक्या भरलेल्या आहेत. साहजिकच पुन्हा निर्यातीची भाषा सुरू झाली आहे.

माझा एक भाचा आमच्याकडच्या एका कारखान्यात संचालक आहे. परवा त्याचा फोन आला. "मामा, तुमच्या ओळखीचे आफ्रिकेतले लोक अजून आहेत ना? घानाला, नायजेरियाला?"

आहेत, म्हटलं. पण भावाचं काय? पेट्रोलसाठी सी-हेवीला, म्हणजे साखर पुरती काढून उरलेल्या मळीच्या इथेनॉलला, लिटरमागे ५७ रुपये ९७ पैसे मिळायची सवय लागलेली. बाहेर त्या भावाला कुणी विचारणार नाही, अमेरिकेचा मका त्याहून पुष्कळ स्वस्त पडतो.

"तोट्यात देऊ, मामा. टाक्या तर रिकाम्या होतील. नाहीतर पुढच्या हंगामात मळी ओतायची कुठं?"

मग मी त्याला म्हटलं, ते लोक पहिलाच प्रश्न भावाचा विचारणार नाहीत. ते विचारतील, किती वर्षं देणार? २०१८ला आपण त्यांचे फोन उचलणं बंद केलं ते त्यांच्या लक्षात आहे. तीन वर्षांचा करार सही करून देशील का, पाऊस पडो न पडो?

तो थोडा वेळ हं-हं करत राहिला. मग म्हणाला, "दिल्लीत विचारून सांगतो."